उन्हाळी ताण, संप्रेरके आणि दूध : संकरित गायींच्या गोठ्यावरील प्रकल्प नोंदी

१२ मार्च २०२४

संगमनेर तालुक्यातील एका मुक्तसंचार गोठ्यावर आजपासून नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. गोठ्यातील गायी होल्स्टिन फ्रिजियन रक्ताच्या संकरित आहेत, मुरघास आणि मका-ऊस कुट्टीवर वाढलेल्या आहेत आणि दूध गावातल्या संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) या आधारावर जाते. दरवर्षी एप्रिलपासून दूध उतरते आणि पाऊस स्थिरावेपर्यंत ते पूर्ववत होत नाही, हे गोठ्याच्या वहीत स्पष्ट दिसते. या घटीचे कारण विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : उन्हात गाय खात नाही, म्हणून दूध देत नाही. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे उपायही अपुरे राहतात. भूक हेच एकमेव कारण असेल, तर पोषक खुराक वाढवला की प्रश्न सुटायला हवा. तो सुटत नाही, हे गोठेवाले दादा स्वतःच सांगतात.

या प्रकल्पाचा प्रश्न म्हणून असा ठरवला आहे : उष्णतेच्या ताणाने गायीच्या शरीरातील संप्रेरकांचा (हार्मोनचा) समतोल कसा बदलतो, त्या बदलातून दुधाची घट किती समजून घेता येते, आणि आपल्या भागातील गोठ्याच्या व्यवस्थापनात त्यानुसार कोणता बदल आधी करायला हवा.

गोठ्यावर आम्ही संप्रेरके मोजणार नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. कॉर्टिसॉलसारखे संप्रेरक गायीला धरण्याने, बांधण्याने आणि सुई टोचण्यानेच काही मिनिटांत वाढते. त्यामुळे अशा नमुन्यातून उन्हाचा परिणाम आणि हाताळणीचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. इन्सुलिन आणि वृद्धी संप्रेरक दिवसभरात चढउतार करत असतात आणि एकाच नमुन्यातून फारसे काही कळत नाही. म्हणून गोठ्यावर आम्ही श्वासगती, गुदद्वारातील तापमान, हवेचे तापमान व आर्द्रता, चाऱ्याचे उरलेले प्रमाण आणि प्रत्येक धारेचे दूध एवढेच मोजू. संप्रेरकांविषयी नियंत्रित प्रयोगांतून जे सिद्ध झाले आहे, ते या नोंदींशेजारी ठेवून वाचू.

१९ मार्च

आज तापमान–आर्द्रता निर्देशांकाचे गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले, कारण पुढची सर्व चर्चा त्यावर उभी राहणार आहे. अंश सेल्सिअसमधील तापमानाला १.८ ने गुणून त्यात ३२ मिळवायचे. आर्द्रतेच्या टक्केवारीला ०.००५५ ने गुणून ते ०.५५ मधून वजा करायचे, तापमानाच्या १.८ पटीतून २६ वजा करायचे. या शेवटच्या दोन संख्यांचा गुणाकार पहिल्या संख्येतून वजा केला की निर्देशांक मिळतो.

जुन्या अभ्यासांत ७२ ही ताणाची सुरुवात मानली जात असे. ती मर्यादा आजच्या तुलनेत कमी दूध देणाऱ्या गायींवरील निरीक्षणांतून आली होती. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये जास्त दूध देणाऱ्या गायींसाठी ती ६८ वर आणावी असे दाखवून दिले. गणित करून पाहिले तर २२ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असताना निर्देशांक ६८ होतो आणि २५ अंशांवर त्याच आर्द्रतेत तो ७२ च्या आसपास पोहोचतो. म्हणजे ज्या हवेत आपण अंगावर पातळ शाल घेऊन बसतो, त्या हवेत भरपूर दूध देणाऱ्या गायीच्या शरीराने उष्णता बाहेर टाकण्याची धडपड सुरू केलेली असू शकते. आपल्याकडे हा काळ मेमध्ये सुरू होत नाही. तो फेब्रुवारीच्या शेवटालाच सुरू होतो.

याचे मूळ गायीच्या पोटात आहे. कोठीपोटातील (चारा आंबवणाऱ्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातील) आंबवण, चयापचय आणि दूधनिर्मिती या तिन्हींतून उष्णता निर्माण होते, आणि दूध जितके जास्त तितकी ही उष्णता जास्त. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला बाएफ या ग्रामविकास संस्थेची स्थापना केल्यानंतर संकरीकरणाचे जे काम महाराष्ट्रात खेडोपाडी पोहोचले, त्यातून दुधाची क्षमता वाढली. तिच्यासोबत थंड प्रदेशातील गायीचे शरीरही आपल्या पत्र्याच्या छपराखाली आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून फुले त्रिवेणी विकसित केली, तेव्हा त्या तिहेरी मेळात देशी रक्त राखण्यामागे हवामानाचा विचार होता, असे मला वाटते. या गोठ्यातील बहुतेक गायींत मात्र होल्स्टिनचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या वाढतच गेले आहे.

३ एप्रिल

श्वास मोजण्याची पद्धत ठरली. गाय उभी किंवा बसलेली असताना तिच्या कुशीची हालचाल एक मिनिटभर मोजायची, तिला हात लावायचा नाही. मिनिटाला ६० च्या वर श्वास गेले की ताण धरायचा. दुपारी तीनच्या सुमाराची आणि रात्री अकराची अशा दोन वेळा निश्चित केल्या आहेत. रात्रीची नोंद कशाला, असे दादांनी विचारले. गायीच्या शरीराचे तापमान दुपारच्या उन्हानंतरही बराच वेळ चढत राहते आणि रात्रीच्या थंडाव्यात तिने साठलेली उष्णता बाहेर टाकायची असते. ती रात्री निघाली नाही तर दुसरा दिवस आधीच्या दिवसाचे ओझे घेऊन सुरू होतो. हे ऐकल्यावर रात्रीची नोंद दादांनी स्वतःकडे घेतली.

१८ एप्रिल

भूक आणि दूध यांच्या संबंधावर आज सविस्तर लिहितो, कारण प्रकल्पाचा कणा येथेच आहे.

उष्णतेत गाय कमी खाते हे गव्हाणीत उरलेल्या कुट्टीवरून कुणालाही दिसते. ही कृती शरीराच्या दृष्टीने शहाणपणाची आहे, कारण कमी खाल्ले की आंबवणाची उष्णता कमी होते. प्रश्न असा, की दुधाच्या घटीतला किती भाग या कमी खाण्याचा आहे? हे शोधण्यासाठी ॲरिझोनामध्ये हवामान-नियंत्रित खोल्यांत एक नेमका प्रयोग रचला गेला. एका गटातील गायींना उष्णतेत ठेवले आणि त्यांनी रोज जितके खाल्ले, तितकेच खाद्य थंड खोलीतील दुसऱ्या गटाला मोजून दिले. दोन्ही गटांचे पोट सारखेच अर्धवट भरलेले; फरक फक्त उष्णतेचा. दूध दोन्हीकडे घटले, पण उष्णतेतील गायींचे कितीतरी जास्त घटले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाण्याने घटीचा सुमारे ३५ टक्के भाग समजावता येत होता. त्यानंतरच्या प्रयोगात तो निम्म्याच्या आसपास आला. उरलेली घट खाद्याच्या हिशेबात बसत नाही.

ती बसते संप्रेरकांच्या हिशेबात. थंड हवेत उपाशी राहिलेल्या दुभत्या गायीचे शरीर ठरलेल्या वाटेने जाते : रक्तातील इन्सुलिन कमी होते, वृद्धी संप्रेरक वाढते, चरबी वितळून मेदाम्ले रक्तात येतात आणि स्नायू त्यांवर भागवतात, त्यामुळे वाचलेले ग्लुकोज कासेकडे जाते. व्यायलेली गाय पहिल्या काही आठवड्यांत वाळते तरी दूध देत राहते, ती याच व्यवस्थेमुळे. उष्णतेच्या ताणातील गाय मात्र तितकीच उपाशी असूनही तिच्या रक्तातील इन्सुलिन उतरत नाही, उलट वाढलेले आढळते, आणि मेदाम्ले अपेक्षेप्रमाणे वाढत नाहीत. इन्सुलिन चरबीला वितळू देत नाही आणि स्नायूंना ग्लुकोज घ्यायला लावते. कासेच्या वाट्याला येणारे ग्लुकोज त्यामुळे मधल्या वाटेतच खर्च होते.

एक लिटर दूध तयार होण्यासाठी साधारण ७० ग्रॅमपेक्षा थोडे अधिक ग्लुकोज लागते, आणि त्यातील बहुतांश दुग्धशर्करेसाठी वापरले जाते. ही दुग्धशर्करा कासेच्या पेशींतून पाणी आपल्याबरोबर ओढून आणते. दुधाचे आकारमान तीच ठरवते. शर्करा कमी तयार झाली तर दूध नुसते पातळ होत नाही, ते मुळात कमी येते. उन्हाळ्यात केंद्रावरच्या मापात पडणारा फरक या एका धाग्याने इन्सुलिनपर्यंत जाऊन पोहोचतो, हे मला या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

इन्सुलिन का वाढते, याचे एक पटणारे स्पष्टीकरण आतड्यात सापडते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त त्वचेकडे वळवते. आतड्याचा रक्तपुरवठा कमी होतो, त्याचे अस्तर कमजोर होते आणि जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात झिरपतात. रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात आणि त्यांना ग्लुकोज लागते. २०१७ च्या एका प्रयोगात, गायीच्या प्रतिकारशक्तीला अशा विषद्रव्याने मुद्दाम जागे केल्यावर बारा तासांत एक किलोहून अधिक ग्लुकोज तिकडे खर्च झाल्याचे दिसले. वरच्या हिशेबाने पाहिले तर एवढ्या ग्लुकोजमध्ये चौदा लिटरच्या आसपास दूध तयार होऊ शकते. उन्हाने थकलेली गाय आजारी नसते, पण तिच्या शरीराचा खर्च आजारी गायीसारखा होतो.

२६ एप्रिल

दुपारी तीनला ३८ अंश, आर्द्रता २५ टक्के, निर्देशांक ८३. निम्म्याहून अधिक गायी उभ्या होत्या. उभे राहिल्याने अंगाला चहूबाजूंनी वारा लागतो, म्हणून गाय बसणे टाळते. पण बसल्यावर कासेकडे जाणारे रक्त वाढते आणि रवंथही निवांत होते, हे दोन्ही ती गमावते.

थायरॉईड आणि कॉर्टिसॉलबद्दल थोडक्यात लिहितो. उष्णता काही दिवस टिकली की रक्तातील थायरॉईड संप्रेरके उतरतात. चयापचयाची धग कमी करण्याचा हा शरीराचा मार्ग आहे आणि दुधाची घट त्याची किंमत आहे. गेल्या शतकाच्या मध्याला गायींना आयोडीनयुक्त केसिन खाऊ घालून दूध वाढवण्याचे प्रयोग झाले होते. दूध वाढे, पण खाद्य बंद करताच ते कोसळे. थायरॉईड आणि दूध यांचे नाते किती थेट आहे, हे त्यातून दिसते, आणि बाहेरून संप्रेरक देणे हा उन्हाळ्यावरील इलाज का होऊ शकत नाही, हेही. ज्या गायीचे शरीर उष्णता कमी करण्यासाठी थायरॉईड आवरते आहे, तिला तेच संप्रेरक देणे म्हणजे तिच्या बचावावरच घाव घालणे होय.

कॉर्टिसॉल उष्णतेच्या पहिल्या धक्क्याला वाढते आणि ताण दीर्घकाळ चालू राहिला की खाली येते. त्यामुळे मेच्या अखेरीस एखाद्या गायीच्या रक्तात कॉर्टिसॉल सामान्य आढळले, तर ती सुखात आहे असा अर्थ काढता येणार नाही. दीर्घ ताणात वृद्धी संप्रेरकाची पातळीही अनेक अभ्यासांत कमी आढळली आहे, आणि यकृताचा त्याला मिळणारा प्रतिसादही मंदावतो.

९ मे

४० अंश, आर्द्रता २० टक्के, निर्देशांक ८४ च्या जवळ. रात्री अकराला २९ अंश आणि ३५ टक्के, म्हणजे अजूनही ७५. सलग अनेक रात्री निर्देशांक ७२ च्या खाली उतरलेला नाही. तीन गायी तोंड उघडून धापा टाकत होत्या, लाळ गळत होती. दुधाची मोठी घट उष्ण दिवसाच्या दिवशीच न दिसता साधारण दोन दिवसांनी दिसते, हे परदेशी नोंदींतून वाचले होते; दादांच्या वहीतही तसेच दिसते आहे. यामुळेच गोठ्यावर कारण आणि परिणाम यांची सांगड लागत नाही : घट दिसते त्या दिवशी आभाळ आलेले असते आणि दोष पेंडीच्या नव्या पोत्यावर जातो.

धापेचा परिणाम फॅटवरही होतो. जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होते, मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, आणि जी लाळ पोटात जाऊन आम्ल शमवायची ती जमिनीवर गळते. कोठीपोटातील आम्लता वाढते आणि फॅट उतरते. घामावाटे पोटॅशियमही जाते. खाण्याचा सोडा आणि क्षार यांचे महत्त्व येथे आहे. दादा ते आधीपासून देतात, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

१५ मे

प्रोलॅक्टिनविषयी वाचन पूर्ण झाले. हे संप्रेरक या विषयात सर्वांत गोंधळात टाकणारे आहे. नावावरून ते दूध वाढवणारे वाटते, आणि उष्णतेत ते रक्तात वाढते, हे १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. तरीही दूध घटते. याचे एक कारण असे, की रवंथ करणाऱ्या जनावरांत एकदा दूध सुरू झाल्यावर ते टिकवण्याचा मोठा भार वृद्धी संप्रेरकाकडे असतो. दुसरे असे, की प्रोलॅक्टिनची कामे कासेपुरती नाहीत; शरीरातील क्षार-पाण्याचा समतोल आणि अंगावरील केसांची वाढ यांच्याशीही त्याचा संबंध आहे.

केसांचा संबंध तर थेट जनुकांतून सिद्ध झाला आहे. कॅरिबियन बेटांवरील सेनेपोल जातीच्या गायींचे केस अत्यंत आखूड आणि तुळतुळीत असतात आणि उष्णता त्यांना चांगली सोसते. २०१४ मध्ये असे आढळले, की याचे मूळ प्रोलॅक्टिनच्या ग्राहकाच्या (पेशीवर संप्रेरकाचा संकेत टिपणाऱ्या रिसेप्टरच्या) जनुकातील एका बदलात आहे, ज्यामुळे तो ग्राहक अपुरा बनतो. असेच आखूड केस असलेल्या होल्स्टिन गायी प्वेर्तो रिकोमध्ये आहेत आणि उन्हात त्यांच्या शरीराचे तापमान इतर होल्स्टिनपेक्षा कमी राहते. आपल्या गीर आणि खिल्लार गायींनाही आखूड, चकचकीत केस आहेत, पण त्यांची उष्णता सोसण्याची ताकद त्यांच्या स्वतःच्या वारशातून, त्वचेतून आणि कमी चयापचय-उष्णतेतून आलेली आहे. कॅरिबियन जनुकाची गोष्ट त्यांना चिकटवू नये.

संप्रेरक किती आहे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. त्याला ऐकणारे ग्राहक किती आहेत, यावर ठरते. हे सूत्र मनात पक्के झाल्यामुळे आता भाकड, म्हणजे विण्याआधी दूध आटवलेल्या, गायीकडे वळता येईल.

२३ मे

आज गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत बराच वेळ थांबलो. आटवलेल्या गाभण गायी तेथे बाभळीच्या विरळ सावलीत बांधलेल्या आहेत. पंखे, फॉगर आणि शेडनेट दुभत्या गायींच्या बाजूला आहेत. दूध देत नाही तिला खर्च कशाला, हा विचार या एका गोठ्याचा नाही. आमच्या पाहण्यातील बहुतेक गोठ्यांचा आहे. त्याला वरवरचा आधारही आहे : भाकड गाय कमी खाते, दूध तयार करत नाही, म्हणून तिची आतली उष्णता कमी असते आणि ती दुभत्या गायीइतकी धापा टाकत नाही. तिचे सोसणे डोळ्यांना दिसत नाही. ते पुढच्या वेतात दिसते.

विण्यापूर्वीच्या साधारण ६० दिवसांत कास विश्रांती घेत असते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तेथे मोठे काम चाललेले असते. पहिल्या टप्प्यात जुन्या, थकलेल्या पेशी मोडून काढल्या जातात आणि दुसऱ्या टप्प्यात नव्या दूधपेशींची वाढ होते. फ्लोरिडा विद्यापीठात एका गटाच्या भाकड गायींना सावलीसोबत पाण्याचा फवारा आणि पंखे दिले आणि दुसऱ्या गटाला फक्त सावली दिली. व्यायल्यानंतर दोन्ही गटांना सारखाच थंडावा मिळाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थंडावा मिळालेल्या गायींनी पुढच्या वेतात दिवसाला सुमारे ५ किलो दूध अधिक दिले, आणि त्यांच्या कासेतील पेशींच्या वाढीचा वेग अधिक होता. लक्षात घेण्यासारखे हे, की ज्यांचे दूध कमी राहिले त्या गायीही सावलीत होत्या. आपल्या गायींना तेवढीही पुरेशी सावली नाही.

यात प्रोलॅक्टिनचा वाटा असा मांडला जातो. भाकडकाळात उष्णतेने रक्तातील प्रोलॅक्टिन वाढलेले राहिले, तर ग्राहकांची संख्या घटते. विण्याच्या वेळी कासेला ज्या संकेताची सर्वाधिक गरज असते, तो संकेत येतो पण नीट ऐकला जात नाही. थंडाव्यातील गायीत प्रोलॅक्टिन कमी असते आणि ग्राहक भरपूर असतात. भाकडकाळात दिवसाचा प्रकाश आठ तासांवर आणला तरी प्रोलॅक्टिन कमी राहते आणि पुढचे दूध वाढते, हे वेगळ्या प्रयोगांतून आधीच दिसले होते. दोन वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, म्हणून मला हे स्पष्टीकरण भक्कम वाटते.

दुसरे संप्रेरक वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवातून, येते. १९८२ मध्ये फ्लोरिडातीलच अभ्यासात, गाभणकाळाच्या शेवटी उन्हात राहिलेल्या गायींच्या रक्तात इस्ट्रोन सल्फेट कमी आढळले आणि त्यांची वासरेही हलकी जन्मली. हे संप्रेरक वार तयार करते आणि कासेच्या वाढीला ते उपकारक असते. गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी झाला की वार खुरटते, वासरू खुरटते आणि कासेला मिळणारा वाढीचा संकेतही क्षीण होतो. गाय काही दिवस आधी विते, ही याचीच एक खूण.

वासराचे नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. अशा वासरांच्या आतड्यांतून चिकातील प्रतिपिंडे कमी शोषली जातात. चीक उत्तम असला तरी वासरू तो पुरता घेऊ शकत नाही. कालवड असेल तर मोठी झाल्यावर तिचे स्वतःचे दूधही कमी राहते. फ्लोरिडाच्या अनेक वर्षांच्या एकत्रित नोंदींत ही घट पहिल्याच नव्हे तर पुढच्या वेतांतही दिसली. मे महिन्यात आईला न मिळालेली सावली तिची लेक काही वर्षांनी केंद्रावर मोजून दाखवते.

हे सर्व मी आज दादांना आणि त्यांच्या आईंना बसून सांगितले. आजींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “डॉक्टर, आमच्या सासूबाई गाभण गायीला पडवीत घ्यायच्या, माणसं बाहेर निजायची. आम्ही दुधाच्या नादात ते सोडलं.” त्यांचे हे वाक्य नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण प्रयोगशाळेने जे मोजून सांगितले ते करण्याची रीत या घरात होती.

२ जून

दादांनी निर्णय घेतला. जुन्या कांदाचाळीचे सांगाडे वापरून भाकड गायींसाठी पूर्व-पश्चिम लांबीचे छप्पर उभे राहिले. पत्र्यावर उसाचे पाचट अंथरले आहे आणि पाण्याचा हौद सावलीत आणला आहे. एक पंखा दुभत्या बाजूकडून इकडे हलवला. तो हलवावा की नाही यावर घरात चर्चा झाली, कारण दूध आज विकले जाते आणि भाकड गायीचा फायदा दोन महिन्यांनी सुरू होतो. माझे मत मी स्पष्ट दिले : एकच पंखा असेल तर तो विण्याला तीन आठवडे उरलेल्या गायींकडे द्यावा. दुभत्या गायीचे बुडालेले दूध हवा बदलली की बरेचसे परत येते; भाकडकाळात न वाढलेल्या पेशी त्या वेतात परत येत नाहीत.

खाद्याच्या वेळाही बदलल्या. आंबवणाची उष्णता खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी शिगेला पोहोचते, म्हणून खाद्याचा मोठा वाटा आता सूर्यास्तानंतर आणि पहाटे दिला जातो.

१४ जून

पाऊस झाला. गावात सर्वत्र सुटकेची भावना आहे आणि गोठ्यावर फॉगर तसेच चालू आहेत. सकाळी दहाला ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के. गणित केले : निर्देशांक ८३. एप्रिलच्या त्या ३८ अंशांच्या दुपारी जो होता, तोच.

माणसाला गार वाटते, पण धापा टाकणाऱ्या गायीला हवा कोरडी हवी असते, कारण तिची सुटका बाष्पीभवनावर अवलंबून आहे. फॉगर सूक्ष्म थेंबांनी हवा गार करतो आणि हे काम कोरड्या हवेतच होते. दमट हवेत तो आर्द्रता आणखी वाढवतो. फॉगर आजपासून बंद केले. इस्राएलमध्ये १९८० च्या दशकापासून वापरात असलेली पद्धत येथे उपयोगी पडते : मोठ्या थेंबांनी गायीची पाठ कातडीपर्यंत अर्धा मिनिट भिजवायची, मग साडेचार मिनिटे जोराचा वारा द्यायचा, आणि असे फेरे अर्धा-पाऊण तास चालवायचे. पाणी कासेवर ओघळणार नाही एवढे बघावे लागते, नाहीतर सडांच्या दाहाचे संकट येते. धारेपूर्वी हे फेरे सुरू केले आहेत.

११ जुलै

माजाच्या नोंदी पाहिल्या. मे-जूनमध्ये मुका माज (लक्षणे न दिसणारा माज) वाढला आणि भरवलेल्या गायी उलटण्याचे, म्हणजे गाभण न राहण्याचे, प्रमाणही वाढलेले दिसते. उष्णतेत प्रबळ अंडपुटकातून (अंडाशयात अंडे वाढवणाऱ्या पिशवीतून) इस्ट्राडिओल हे माजाचे संप्रेरक कमी स्रवते, त्यामुळे माजाची लक्षणे मंदावतात आणि थोड्याच वेळापुरती दिसतात. पुष्कळदा ती रात्रीच दिसून जातात. भ्रूण पहिल्या एक-दोन दिवसांत उष्णतेला सर्वाधिक बळी पडतो. शिवाय पुटकाची वाढ अनेक आठवडे आधी सुरू झालेली असते, म्हणून मेच्या उष्णतेत वाढलेली अंडी जुलैपर्यंत गाभण राहण्याचे प्रमाण खाली ठेवू शकतात. गाय सध्या उलटते आहे म्हणून लगेच महागडी संप्रेरक इंजेक्शने सुरू करू नयेत, असे दादांना सांगितले. गायींकडे पहाटे आणि रात्री उशिरा लक्ष ठेवणे हा आधीचा उपाय आहे.

२० सप्टेंबर

छपराखाली भाकडकाळ काढलेल्या गायी जुलै-ऑगस्टमध्ये व्यायल्या. वासरे धडधाकट आहेत, चीक वेळेवर पाजला गेला आणि दुधाची चढण दादांच्या मते चांगली आहे. या गायींची तुलना एप्रिल-मेमध्ये उघड्यावर भाकडकाळ काढून व्यायलेल्या गायींशी करण्याचा मोह होतो, पण दोन्ही गटांचा विण्याचा ऋतू, चारा आणि वेताचा क्रम वेगळा आहे. जे फरक दिसतील त्यांचे श्रेय छपराला देता येणार नाही. त्यासाठी पुढच्या उन्हाळ्याची रचना वेगळी हवी. एकाच पंधरवड्यात आटवायच्या गायींच्या, वेत आणि मागील दूध जुळवून, जोड्या लावायच्या. सावली कुणालाही नाकारायची नाही. जोडीतील दोघींनाही छप्पर मिळेल आणि एकीला पंखा व भिजवण्याचे फेरे अधिकचे मिळतील. विण्याची तारीख, गाभणकाळाचे दिवस, वासराचे जन्मवजन आणि पहिल्या शंभर दिवसांचे दूध या चार गोष्टी मोजल्या जातील. वजनकाट्याची सोय करण्याचे दादांनी कबूल केले आहे.

कालवडींना बिल्ले मारताना आईचा भाकडकाळ कोणत्या महिन्यांत आणि कोठे गेला, हे आता जन्मनोंदीतच लिहिले जाते. यंदाच्या गायींचे वेत ३०५ दिवसांचे धरले तर त्यांचा पूर्ण हिशेब पुढील जूनपर्यंत हाती येईल, आणि कालवडींचा त्यानंतर दोन वर्षांनी.